गाण्याचा पत्ता

नाट्यगृहाची तारीख घ्यायची तर आधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'कार्यक्रमाचा प्रकार' म्हणून रकाना. नाटक, गाण्याचा कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग, सत्कार समारंभ, आणि सगळ्यात खाली इतर. आम्ही तिघं काउंटरवर पेन धरून नुसते उभे, मागे रांग वाढतेय. नाटक म्हणावं तर अख्खं नाटक करणार नव्हतो, गाण्याचा कार्यक्रम म्हणावं तर मधे चार प्रवेश होते, पगड्या होत्या, एक अंतरपाट होता, आणि सत्कार म्हणावा तर ज्यांचा करायचा ते नाटककार १९१६ सालीच गेलेले. शेवटी 'इतर'वर टिक केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, गोविंद बल्लाळ देवल, गाणी आणि प्रवेश. पलीकडच्या माणसाने वाचून विचारलं, "हे स्वतः येणार आहेत का? नाही म्हणजे, पाहुण्यांच्या गाडीला जागा धरायला लागते."

आणि हे कुठे, तर सांगलीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर, मराठीतलं पहिलं म्हणतात ते नाटक, केलं त्या गावात, देवलांचं हरिपूर जिथून चालत गाठता येतं तिथे. पेटीवाले काका एवढे भडकले की बाहेर येऊन दोन चहा प्यायले तरी गप्प होईनात. मी मात्र चूप बसले, कारण मला तरी काय माहीत होतं? दोन-चार पदं. 'मूर्तिमंत भीती उभी' रेडिओवर ऐकलेलं, 'मृगनयना रसिक मोहिनी' कुणाच्या तरी मैफलीत, आणि 'म्हातारा इतुका न' आजीच्या तोंडून. आजी तांदूळ निवडताना ते म्हणायची. खडे एकीकडे, तांदूळ एकीकडे, आणि 'दंताजीचे ठाणे उठले, फुटले दोन्ही कान' आलं की स्वतःच खुदुखुदु हसायची. मला ते पाच-सहा वर्षांची असतानाच पाठ झालं होतं. नाटकातलं आहे हे कळायच्या कितीतरी आधी, मी ते बडबडगीतच समजत होते.

तर या कार्यक्रमात मला ओढलं काकांनी. मी बँकेत नोकरी करते, गाता येत नाही, अभिनय शून्य, पण ऑफिसच्या स्मरणिकेत दोन लेख लिहिले होते तेवढ्या भांडवलावर मला निवेदन लिहायला बसवलं. "दोन तासांचा कार्यक्रम आहे," काका म्हणाले, "तुझं निवेदन वीस मिनिटांच्या वर गेलं तर मी मधेच सूर धरणार, मग बोलत बस." हे त्यांनी पुढे खरंच केलं, तालमीत तीनदा.

पहिला खर्डा मी अगदी मन लावून केला होता. जन्म १३ नोव्हेंबर १८५५, गाव हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, बेळगावात शिक्षण, तिथेच मास्तरकी, तिथे अण्णासाहेब किर्लोस्करांची गाठ, मग किर्लोस्कर नाटक मंडळी, एकूण सात नाटकं, मृत्यू १४ जून १९१६. सगळं बरोबर होतं आणि सगळं मेलेलं होतं. तालमीच्या हॉलमधे वाचून दाखवलं तेव्हा मावशींनी (कार्यक्रम त्या बसवत होत्या, राज्य नाट्य स्पर्धेत केस पांढरे केलेल्या बाई) फक्त एक प्रश्न विचारला, "हे ऐकताना प्रेक्षकांनी काय करायचं?"

खरी अडचण अशी की देवलांच्या आयुष्यात नाटकच नाही. म्हणजे नाटकं आहेत, नाट्य नाही. किर्लोस्करांचं बघा, १८८० मधे शाकुंतल, १८८२ मधे सौभद्र, आणि १८८५ मधे गेलेसुद्धा, बेचाळिसाव्या वर्षी. असं उल्केसारखं आयुष्य असलं की निवेदकाला घाम गाळावा लागत नाही. बालगंधर्वांचं तर विचारूच नका, वैभव, कर्ज, पडझड, सगळा मसाला तयार. देवल मात्र विंगेतला माणूस. तालीम मास्तर. नटांना उभं कसं राहायचं, वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा हे शिकवणारा. बालगंधर्वांना अभिनय शिकवणारे म्हणून त्यांचं नाव घेतात. आता शिकवणाऱ्याचं आयुष्य स्टेजवर दाखवायचं कसं? तो स्टेजवर नसतो हीच तर त्याची गंमत आहे.

यावर तोडगा मावशींनीच काढला. उजव्या विंगेला लागून, जेमतेम उजेडात, एक लाकडी खुर्ची. तिच्यावर पगडी आणि उपरण्यातला एक माणूस, मांडीवर वही, हातात काठी. हे देवल. पूर्ण दोन तास ते तिथेच बसणार. गाणार नाहीत, बोलणार नाहीत. नट चुकला की काठी जमिनीवर आपटणार, टक्. नट थांबणार, मागे जाणार, पुन्हा येणार. मी म्हटलं त्यांना दोन वाक्यं तरी देऊ, मी लिहिते. त्यावर मावशी म्हणाल्या, ते काय बोलले असतील हे आपल्याला ठाऊक नाही आणि ज्याने दुसऱ्यांच्या तोंडी एवढी वाक्यं घातली त्याच्या तोंडी आपण आपली वाक्यं घालायची हा आगाऊपणा आहे. मला तेव्हा राग आला होता. (अजूनही थोडा आहे, माझी ती दोन वाक्यं चांगली होती.)

आता गाण्यांकडे येते, कारण लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतलाय.

नाट्यसंगीताचे कार्यक्रम आपण सगळ्यांनी पाहिलेत. स्टेजवर गालिचा, मागे बॅनर, शाल घेतलेले गायक, एक निवेदक जो दर दोन गाण्यांमधे 'रसिकहो' म्हणतो, आणि चौदा-पंधरा पदं ओळीने. मखमली डबीत ठेवलेल्या दागिन्यांसारखी. प्रत्येक पद झळझळीत, आणि एकालाही अंग नाही, म्हणजे ते कुणाच्या अंगावर होतं हेच दिसत नाही. कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, कुठल्या घटकेला म्हणतंय, हे सगळं गळून गेलेलं. गाण्याचा पत्ताच हरवलेला. आम्हीही तेच करणार होतो, खरं सांगते. यादी तयार होती, पट्ट्या ठरल्या होत्या, कुणाची काळी दोन आणि कुणाची पांढरी पाच यावर भांडणंसुद्धा झाली होती.

मग 'रजनिनाथ हा नभी उगवला' ची तालीम आली. हे मृच्छकटिकातलं, देवलांनी संस्कृतावरून केलेल्या नाटकातलं. आमच्याकडे जो मुलगा ते गाणार होता तो चांगला तयारीचा, रीतसर शिकलेला, आणि त्याने ते सात मिनिटं गायलं. ताना घेतल्या, बोल-आलाप घेतले, 'रजनिनाथ' या शब्दाची तर त्याने अशी काही उलटापालट केली की चंद्राला चक्कर यावी. संपल्यावर आम्ही सगळ्यांनी वा वा केलं. मावशींनी विचारलं, "तू कुठे उभा आहेस?" तो म्हणाला, "इथेच, माईकसमोर." "तू नाही रे. चारुदत्त कुठे उभाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि निवेदन माझं होतं. घरी जाऊन मूळ नाटक काढलं, शूद्रकाचं, संस्कृत मला झेपत नाही म्हणून भाषांतर समोर ठेवून. पहिल्याच अंकात ती जागा आहे. रात्रीची वेळ. पाठलागाला भिऊन वसंतसेना चारुदत्ताच्या घरात शिरलेली, तिथेच तिने आपले दागिने ठेवायला दिलेत, आता तिला घरी पोचवायचंय. चारुदत्त म्हणतो, रस्त्याने जाताना दिवट्या हव्यात, पेटवा. आणि नोकर हळूच म्हणतो, तेलाशिवाय दिवट्या कशा पेटवायच्या? घरात तेल नाहीये हो! एकेकाळचा बडा माणूस, दानधर्मात सगळं घालवून बसलेला, आणि दारात आलेल्या बाईला, जिच्यावर जीव जडलाय तिला, पोचवायला दिवटीपुरतं तेल नाही. त्यात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय विनोद करतो, आपल्या दिवट्या गणिकांसारख्या निघाल्या, निर्धन माणसापाशी त्यांचा स्नेह उरला नाही. स्नेह म्हणजे प्रेम आणि स्नेह म्हणजे तेल. आणि हे तो वसंतसेनेच्या समोर बोलतोय, जी स्वतः गणिका आहे. म्हणजे लाज किती पदरांची आहे बघा. तेव्हा चारुदत्त म्हणतो, राहू दे त्या दिवट्या, चंद्र उगवलाय की. राजमार्गाचा दिवा.

देवलांच्या पदात तेच आलंय, चंद्र राजपथावरच्या दिव्यासारखा. पद मैफलीत ऐकताना ते चांदण्याचं वर्णन वाटतं, सुंदर, थोडं गुळगुळीत. आणि नाटकात? नाटकात तो एका माणसाने झाकलेला दारिद्र्याचा प्रसंग आहे. तेल नाही म्हणून चंद्र आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पदाआधी तो छोटा प्रवेश घातला, फक्त दीड मिनिटाचा. नोकर येतो, कानात बोलतो. तेवढंच. आणि तो मुलगा, ज्याला मी मनातल्या मनात तानबहाद्दर म्हणत होते, त्याने आपणहून गाणं तीन मिनिटांवर आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "एवढी लाज वाटत असताना इतक्या ताना कशा घेणार?" काकांनी पेटीवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, त्यांच्या हिशेबात ही मोठी दाद झाली.

त्यानंतर आमचा सगळा कार्यक्रमच बदलला. यादीतली चौदा पदं नऊवर आली. प्रत्येक पदाला त्याचा पत्ता द्यायचा असं ठरलं, आणि तो निवेदनातून नाही तर जमेल तिथे स्टेजवरून. माझी वीस मिनिटं अकरावर आली. असो.

काकांना मात्र हे सगळंच्या सगळं पटलेलं नव्हतं, आणि त्यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. ते म्हणत, पत्ता हरवला म्हणूनच ही गाणी टिकली. १९३१ साली बोलपट आले, पुढच्या वर्षी मराठी बोलपटही आला, संगीत नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. नाटकं गेली पेटाऱ्यात. गाणी मात्र ध्वनिमुद्रिकांतून, रेडिओवरून, मैफलींतून, गणपतीतल्या कार्यक्रमांतून जगली. आज विशीतला मुलगा 'मृगनयना' शिकतो तो दरबारी कानडा शिकण्यासाठी, संशयकल्लोळात ते गाणारा अश्विनशेठ कोण होता याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं, आणि तरी गाणं पुढे जातंच ना? तुम्ही घर शोधायला निघालात, काका म्हणाले, पण पोर घर सोडून गेलं म्हणूनच वाचलं. यावर आमच्याकडे कुणाकडेच उत्तर नव्हतं आणि मला अजूनही सापडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला त्यातूनच लक्षात आली. त्या काळच्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' दिलेली असते, दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याची पहिली ओळ. म्हणजे देवलांची पिढी लिहायला बसायची तेव्हा कानात आधीच कुणाचं तरी गाणं वाजत असायचं, लावणी, बायकांची गाणी, कीर्तनातली साकी-दिंडी, कानडी मुलखातून आलेल्या चाली. त्या गाण्यांचाही पत्ता कधीतरी हरवला आणि ती या नाटकात भाड्याने राहायला आली. काका खूश झाले हे ऐकून. म्हणाले, बघ, म्हणजे घरभाड्याचा व्यवहार जुनाच आहे.

नाटकांचंही तसंच. सातांपैकी देवलांचं स्वतःचं म्हणावं असं एकच, शारदा. बाकी सगळी दुसरीकडून आणलेली. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, बाणभट्टाच्या कादंबरीतून शापसंभ्रम आलं, आणि संशयकल्लोळचा प्रवास तर फ्रान्समधून सुरू होतो, मोलिएरचं एक छोटं प्रहसन, ते मर्फी नावाच्या माणसाने इंग्रजीत वाढवलं, आणि तिथून ते फाल्गुनरावाच्या घरात आलं. पण वाचून बघा, कुठे शिवण दिसतेय का. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, रोहिणी, भादव्या, सगळं पंचांग उचलून माणसांना नावं दिलीत. हा माणूस दुसऱ्याचं आणतो आणि इतकं घरचं करतो की मूळ मालक आला तर त्यालाच पाहुणा म्हणून पाट मांडावा लागेल.

शारदेवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. १८९९ साली इंदूरला पहिला प्रयोग, किर्लोस्कर मंडळींचा. गोष्ट सगळ्यांना साधारण ठाऊक असते, कांचनभट नावाचा लोभी बाप, भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल, पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, आणि शारदा. पैसे घेऊन पोरगी द्यायची. संमतिवयाचा कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, त्यात मुलीचं संमतीचं वय दहाचं बारा केलं होतं आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढं वादळ झालेलं.

मला या नाटकात सगळ्यात जास्त कुठलं टोचलं असेल तर लग्न मोडतं ते कारण. कोदंड नावाचा तरुण भर मांडवात येऊन लग्न थांबवतो. कशावरून? नवरा पंचाहत्तर वर्षांचा आहे म्हणून नाही. पोरीला विकलंय म्हणून नाही. तर वधूवर सगोत्र आहेत म्हणून. वय चालतं, पैसे चालतात, मुलीचं रडणं चालतं, गोत्र एक असलेलं चालत नाही. देवलांनी हे उपरोधाने लिहिलं की त्या काळी लग्न थांबवायला दुसरं शस्त्रच नव्हतं म्हणून, ते सांगणं कठीण आहे, पण तालमीत तो अंतरपाट धरून दोन मुलं उभी होती आणि 'सगोत्र' शब्द आल्यावर जी धावपळ उडते ती बघताना मला हसू आलं आणि मग पोटात कसंतरी झालं.

आता 'म्हातारा इतुका न'. अवघे पाऊणशे वयमान. हे गाणं नाटकातून इतकं बाहेर पडलंय की लोक आपापल्या काका-मामांच्या पंचाहत्तरीला केक कापताना म्हणतात. काय एकेक ओळ आहे! दात पडले असं नाही म्हटलं, दंताजीचं ठाणं उठलं. लष्करी भाषा. तोंडातली चौकी हलवली, शिबंदी निघून गेली. डोळे रुसलेत, मान 'नन्ना' म्हणतेय. म्हाताऱ्याचं अख्खं शरीरच या लग्नाला नको म्हणतंय, फक्त तो सोडून. आमच्याकडे ते चार मुलींना दिलं होतं, नऊवारीत, टाळ्या देत फेर धरून, आणि पहिल्याच तालमीत हॉल डोक्यावर घेतला त्यांनी. सगळे हसून बेजार, खुर्चीतले देवलसुद्धा. मावशी हसत नव्हत्या. म्हणाल्या, "शारदा कुठेय?"

शारदा कोपऱ्यात चहा पीत होती, तिची एन्ट्री पुढच्या पदाला होती, 'मूर्तिमंत भीती'ला.

"तिला आत्ताच आणा. काही करायचं नाही. फक्त बसायचं."

आम्ही म्हटलं, अहो मावशी, विनोदी गाणं आहे, त्याचा रंग जाईल. त्या म्हणाल्या जाऊ दे. मग असं ठरलं की मुली फेर धरून गातायत, प्रेक्षक हसतायत, आणि त्यांच्या मधोमध पाटावर शारदा बसलेली, हातावर मेंदी, कुणाकडेही बघत नाही. गाणं संपतं, मुली हसत हसत विंगेत जातात, टाळ्या पडतात, आणि ती तशीच बसलेली. टाळ्या विरल्या की मग ऑर्गनचा सूर. मूर्तिमंत भीती उभी. बस. दोन पदांच्या मधे माझं सव्वा मिनिटाचं निवेदन होतं, ते मीच काढून टाकलं. पहिल्यांदाच स्वतःहून.

याच भागात माझी एक घोडचूकही झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. पत्रकात मी लिहिलं होतं की शारदा नाटकाने समाज एवढा हलला की पुढे बालविवाहाविरुद्धच्या कायद्याला 'शारदा कायदा' असं नाव पडलं. लहानपणापासून ऐकलेलं, कुणी तपासतं का? छापून आलं, दोनशे प्रती. चार दिवस आधी सहज शोधायला गेले तर कळलं की १९२९ च्या त्या कायद्याचं नाव अजमेरच्या हरबिलास सारडांवरून पडलंय, विधेयक त्यांनी मांडलं होतं. सारडा. त्याचं मराठी कानांनी शारदा करून टाकलं, आणि करणारच, तीस वर्षं ज्यांच्या डोक्यात ही पोरगी होती त्यांना दुसरं काय ऐकू येणार? मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा, १ एप्रिल १९३० पासून लागू. देवलांना जाऊन तोवर चौदा वर्षं होत आली होती. पत्रकं परत छापायला पैसे नव्हते म्हणून दोनशे प्रतींवर मी आणि माझ्या मुलाने निळ्या पेनाने ते वाक्य खोडलं. मला ती चूक जितकी लाजिरवाणी वाटली तितकीच आवडलीही. असं किती नाटकांचं होतं की लोक सरकारी कायद्याचंसुद्धा नाव त्याच्यावरून ठेवलंय असं धरून चालतात?

प्रयोग १४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी. पावसाने त्या दिवशीच मुहूर्त काढला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहणार असं वाटत होतं, पण लोक आले, ओल्या छत्र्या पायाशी ठेवून बसले, आणि सगळ्या हॉलला तो ओल्या कपड्यांचा वास. तंबोऱ्याचं अ‍ॅप ज्याच्या फोनवर होतं त्याला नांदी चालू असतानाच फोन आला, सूर गेला, काकांनी ऑर्गनवर षड्ज दाबून धरला आणि पाय मारत राहिले, कुणाला कळलंही नाही. एका मुलीचा कॉलर माईक पदराला घासून खरखरत होता. एकंदरीत जसं होतं तसं झालं. रजनिनाथला वन्स मोअर आला, मुलाने दिला नाही, मान हलवली फक्त. मावशींनी आधीच सांगून ठेवलं होतं, तेल नसलेल्या घरात वन्स मोअर नाही.

शेवटचा भाग संशयकल्लोळचा. तसबीर, गैरसमज, फाल्गुनराव बायकोवर डोळा ठेवून आणि बायको त्याच्यावर, लोक खो खो हसत होते. तो गद्य 'फाल्गुनराव' देवलांनी १८९३ च्या सुमाराला केलेला, त्यात पदं घालून संगीत नाटक केलं ते शेवटी शेवटी. बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळींनी ते स्टेजवर आणलं १९१६ मधेच, पण जूननंतर. म्हणजे 'हृदयी धरा हा बोध खरा' प्रेक्षकांत बसून ऐकणं देवलांच्या नशिबात नव्हतं. आम्ही असं बसवलं होतं की संशयकल्लोळ सुरू व्हायच्या आधी ब्लॅकआउट, उजेड आला की खुर्ची रिकामी, तिच्यावर काठी आडवी.

ब्लॅकआउट झालाच नाही. लाईटवाल्याचं काहीतरी अडकलं, सगळे दिवे लख्ख. देवल झालेले गृहस्थ (निवृत्त शिक्षक, स्टेजवर पहिल्यांदाच) दोन क्षण विंगेकडे बघत राहिले, कुणी खूण करेना. मग त्यांनी वही मिटली, काठी खुर्चीवर ठेवली, चष्मा काढून उपरण्याने पुसला, आणि भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, काम संपलेला माणूस घरी जातो तसे सावकाश चालत निघून गेले. हॉलमधे एक आवाज नाही. मावशी माझा दंड धरून उभ्या होत्या, त्यांच्या नखांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. म्हणाल्या, "याला आता ब्लॅकआउट नको." पुढचे दोन प्रयोग तसेच केले आम्ही, पण त्यात ती मजा आली नाही, दोन्ही वेळा त्यांनी चष्मा जरा जास्तच पुसला.

आई तिसऱ्या रांगेत बसली होती. आईला नाट्यसंगीताचं फारसं वेड नाही, माझ्यासाठी आलेली. घरी जाताना रिक्षात बसलो, दोन्ही बाजूंनी पावसाचे शिंतोडे, रिक्षावाल्याने प्लॅस्टिकचा पडदा सोडला. मी आपली माझ्याच तंद्रीत, माईक खरखरला ते कळलं का, निवेदन पडलं का, असलं काहीबाही विचारत होते. ती हो हो म्हणत होती. मग स्टँडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा एकदम म्हणाली, "ते म्हाताऱ्याचं गाणं. आजी म्हणायची ना."

म्हटलं, हो, तांदूळ निवडताना.

"बाबा बाहेर गेले की मगच म्हणायची," आई म्हणाली. "सतरा वर्षांनी मोठे होते ते तिच्याहून. पहिली बायको गेलेली. दारात त्यांच्या चपला वाजल्या की गप्प."

सिग्नल सुटला. पडद्याच्या फटीतून पाणी आत येत होतं, आईने पायाखालची पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यात उरलेली पत्रकं होती, निळ्या पेनाने खोडलेली.